"देवानं मला सोडलं" असं म्हणत गेलेला माणूस विश्वासात गेला का?

ताई, सलाम.

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलंय का ते तुम्हालाही पाहता येईल. पप्पा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पंच (कारभार पाहणारे) होते, कित्येक वर्षं शब्बाथशाळा (बायबलचा वर्ग) घेत होते. पोटाचा कॅन्सर झाला, केमो झेपेना तेव्हा त्यांना भांडुपला घरी आणलं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी प्रार्थना थांबवली, कुणी करायला आलं तर "नको" म्हणायचे. जाण्याच्या आदल्या रात्री "देवानं मला सोडलं" असं दोन-तीनदा म्हणाले. ते तुम्ही ऐकलं, आईनं ऐकलं. आई म्हणते, हे बाहेर बोलायचं नाही. आत्याच्या कानावर कसं तरी गेलं, ती म्हणते शेवटी विश्वास ढळला. दादाला शिवडीच्या कबरीवर "जे सुयुद्ध ते मी केले आहे, धाव संपवली आहे, विश्वास राखला आहे" हे वचन कोरून घ्यायचंय, आणि तुम्हाला वाटतं की आपण दगडावर खोटं लिहितोय. वर तुम्ही विचारलंय: येशूलाही देवानं सोडलं असेल तर आपण कुणाच्या भरवशावर राहायचं?

एक प्रश्न पप्पांचा आणि एक येशूचा, असं दिसायला दिसतं. माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे: देवानं सोडलं असं एखाद्याला मनापासून वाटलं आणि त्यानं ते तोंडानं म्हटलं, तर त्याचा देवाशी असलेला संबंध तुटला असं धरायचं का? मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू आहे. परळ आणि सायनच्या वॉर्डांत रुग्णांना भेटणं हे बरीच वर्षं माझं काम आहे. पुस्तकातलं आणि खाटेपाशी पाहिलेलं असं दोन्ही मिसळूनच सांगतो.

सुरुवात अशा गोष्टीपासून करतो जी परिस्थितीवर अवलंबून आहे, कारण मी त्या रात्री तिथे नव्हतो. शेवटच्या दिवसांत माणूस जे बोलतो ते सगळं त्याच्या श्रद्धेचं निवेदन नसतं. लिव्हर-किडन्या मंदावल्या, रक्तातलं कॅल्शियम वाढलं, सोडियम घसरलं, अंगात इन्फेक्शन असलं की बुद्धीवर झापड येते. डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात आणि शेवटच्या दिवसांत तो सर्रास दिसतो. त्यात मॉर्फिन चालू असेल तर आणखी गोंधळ. जन्मात कुणाला अरे-तुरे न केलेले गृहस्थ सिस्टरला शिव्या घालताना मी पाहिले आहेत. त्या रात्री पप्पांना वेळकाळ कळत होता का, तुम्हाला नावानं हाक मारत होते का, हे आठवून पाहा. ज्या डॉक्टरांनी घरची औषधं लिहून दिली त्यांना विचारायलाही हरकत नाही. मात्र सगळं औषधांवर ढकलून मी मोकळा होणार नाही. पुष्कळ माणसं पूर्ण शुद्धीत हेच वाक्य बोलतात. पप्पाही शुद्धीत होते असं धरूनच पुढचं लिहितो, कारण तुम्हाला तेच टोचतंय.

आता येशूकडे. बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत. त्यांतल्या मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांत वधस्तंभावरच्या येशूच्या तोंडी एकच वाक्य आहे: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" बाकीचे उद्गार लूक आणि योहान यांच्याकडून येतात आणि आपण उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) सगळे गोळा करून सात करतो. बारा ते तीनच्या उपासनेत सात वक्ते असतात, पंखे गरगरत असतात, आणि चौथा उद्गार, म्हणजे हाच, कुणाला द्यायचा यावर आधीच्या आठवड्यात हळूच टोलवाटोलवी चालते. बहुतेक वेळा तो सेमिनरीतून आलेल्या एखाद्या तरुणाच्या गळ्यात पडतो. तो बिचारा दोनपैकी एका वाटेनं सुटका करून घेतो, आणि त्याच दोन वाटा तुमच्याही मनात बसल्यात असं तुमच्या लिखाणावरून वाटलं.

पहिली वाट अशी: येशू फक्त स्तोत्र म्हणत होता. हे वाक्य बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, त्या स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो, म्हणून त्याच्या मनात विजयच होता. यात तथ्य आहे. वस्त्रं वाटून घेणं, डोकी हलवून टिंगल करणं, हे सगळं त्या स्तोत्रातलंच आहे आणि मार्काला ते पूर्ण ठाऊक होतं. पण तेवढ्यावर थांबलं तर मार्कानं जे लिहिलंय ते वाचलंच नाही असं होतं. जवळ उभ्या असलेल्यांना तो एलीया या जुन्या संदेष्ट्याला हाक मारतोय असं वाटलं. कुणीतरी स्पंज आंबेत भिजवून वर धरला. पुढच्याच क्षणी येशू मोठ्यानं ओरडला आणि प्राण गेला. ज्याला सगळं छान ठरल्याप्रमाणे चाललंय असं वाटतंय त्याचं हे वर्णन नव्हे. इब्री लोकांस पत्राच्या ५व्या अध्यायात तर स्वच्छ लिहिलंय की त्यानं मोठा आक्रोश करत, अश्रू गाळत प्रार्थना केली. दुःख खरं होतं.

दुसरी वाट मला जास्त त्रास देते, कारण ती आपल्या व्यासपीठांवर फार मुरली आहे. देवाचे डोळे इतके पवित्र की त्याला पाप पाहवत नाही. येशूवर जगाचं पाप लादलं गेलं म्हणून पित्यानं तोंड फिरवलं. आधार म्हणून हबक्कूक १:१३ चा अर्धा भाग सांगतात. पूर्ण वचन उघडून वाचा. संदेष्टा देवाकडे तक्रार करतोय: तुझे डोळे इतके पवित्र आहेत, तर मग हे दगाबाज लोक तुला कसे पाहवतात, दुष्ट माणूस दुसऱ्याला गिळतोय आणि तू गप्प का? म्हणजे देव पाहतोय, हीच हबक्कूकची अडचण आहे! आणि पित्यानं तोंड फिरवलं असं चारही शुभवर्तमानांत कुठेही लिहिलेलं नाही. उलट ज्या स्तोत्राची ओळ येशूनं घेतली त्याच्याच २४व्या वचनात म्हटलंय की पीडिताच्या पीडेचा देवानं तिटकारा केला नाही, त्याच्यापासून आपलं मुख लपवलं नाही, त्यानं धावा केला तेव्हा ऐकलं. "तोंड फिरवलं" हे विधान या वचनाशेजारी ठेवा आणि पाहा टिकतं का.

मग "त्याग का केलास" याचा अर्थ काय लावायचा? इथे मंडळीचे जुने-नवे विचारवंत एकमताचे नाहीत, तेही सांगायला हवं. १३व्या शतकातला धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस म्हणतो की पित्यानं पुत्राला छळणाऱ्यांपासून वाचवलं नाही, त्या अर्थानं त्याला सोडलं. १६व्या शतकात धर्मसुधारक कॅल्विन याहून पुढे जातो: येशूनं देहाबरोबर आत्म्यातही शापित माणसाची यातना भोगली. पण लगेच बजावतो की पिता त्याच्यावर कधीही रागावलेला नव्हता; ज्या पुत्रावर त्याचा जीव जडला होता त्याच्यावर तो रागवेल कसा? गंमत म्हणजे तोंड फिरवण्याचं प्रवचन देणारे बहुतेक जण स्वतःला कॅल्विनच्याच घराण्यातले मानतात.

जर्मनीचा युर्गेन मोल्टमान याची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. १९४३मध्ये हॅम्बर्ग शहरावर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा तो कोवळा पोरगा होता, विमानविरोधी तोफेवर कामाला लावलेला. शेजारी उभा असलेला मित्र बॉम्बनं फुटला, हा वाचला. घरात धर्माचं फारसं वातावरण नव्हतं. त्या रात्री त्यानं पहिल्यांदा देवाला हाक मारली, आणि प्रश्न होता "तू कुठे आहेस?" पुढे ब्रिटिशांच्या कैदेत असताना एका चॅप्लेननं (लष्करी पाळकानं) त्याच्या हातात बायबल दिलं. त्यात त्याला आधी विलापाची स्तोत्रं भिडली आणि मग मार्कातला हा आक्रोश. आपल्याला समजून घेणारा कुणीतरी आहे, असं त्याला तिथे वाटलं. पुढे तो मोठा धर्मशास्त्रज्ञ झाला आणि त्यानं मांडलं की वधस्तंभावर पुत्र मरणाची वेदना सोसतो आणि पिता पुत्र गमावण्याची. म्हणजे देव त्या दुःखाच्या बाहेर उभा राहून बघत नाही. देवाला दुःख होऊ शकतं का यावर जुनी परंपरा "दैवी स्वभावात नाही, पण येशूच्या मानवी स्वभावात हो" असं म्हणते. ४५१ सालच्या खल्किदोनच्या चर्च-परिषदेनं येशूबद्दल एक व्यक्ती, दोन स्वभाव अशी चौकट घालून दिली आहे. मोल्टमानला या मुद्द्यावर पुष्कळांनी धारेवर धरलं. तो २०२४मध्ये वारला, वाद अजून चालूच आहे आणि त्याच्या निकालानं तुमच्या आईला झोप लागणार नाही, म्हणून तो इथेच सोडतो.

माझं मत विचाराल तर असं. येशूला पित्यानं वैऱ्यांच्या हाती जाऊ दिलं आणि सोडवलं नाही, हे खरं. त्याला ते जिवाच्या आत जाणवलं, तेही खरं. पण त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं एकत्व) त्या दुपारी फुटलं, पिता-पुत्राचं नातं तीन तास बंद पडलं, हे मी कधी शिकवत नाही. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२ करिंथ ५:१९) म्हणतो की देव ख्रिस्तामध्ये असूनच जगाचा स्वतःशी समेट करत होता. योहान १६:३२ मध्ये येशू शिष्यांना म्हणतो, तुम्ही मला एकटं टाकाल, तरी मी एकटा नाही.

मार्काची मांडणी बघा. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी होते, "तू माझा प्रिय पुत्र." डोंगरावर रूपांतर झालं तेव्हा पुन्हा वाणी होते, "हा माझा प्रिय पुत्र." तिसऱ्या वेळी, जेव्हा सगळ्यात जास्त गरज आहे तेव्हा, आकाश गप्प. देशभर अंधार आणि एक शब्द नाही. "पुत्र" हा शब्द मग येतो तो रोमी शताधिपतीच्या तोंडून, ज्याच्या माणसांनी खिळे ठोकले त्याच्या तोंडून, आणि तोही प्राण गेल्यावर. मार्क आपल्याला सांगतोय की येशू "तू माझा त्याग का केलास" म्हणत होता त्या क्षणीही तो पुत्रच होता. तुमच्या "कुणाच्या भरवशावर" या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. सोडल्याची जाणीव आणि पुत्रपण ही दोन्ही एकाच वेळी एकाच देहात होती. तिसऱ्या दिवशी पित्यानं त्याला उठवलं. पण शुक्रवारच्या "का"ला त्यानं शब्दांत उत्तर दिलेलं मला शुभवर्तमानांत कुठे सापडत नाही, म्हणून मीही कुणाला देत नाही.

आणि "माझ्या देवा" हे संबोधन आहे. तो देवाविषयी कुणाशी बोलत नव्हता, देवाशीच बोलत होता. तुम्ही म्हणाल, पप्पा तर देवाशी बोलले नाहीत, आमच्याशी बोलले. बरोबर आहे, आणि इथे मी ओढूनताणून जुळवाजुळव करणार नाही. पण स्तोत्रांत ही दोन्ही बोलणी सारखी एकमेकांत मिसळतात. एका ओळीत "तू", पुढच्या ओळीत "तो". ज्याचा देवावरचा हक्कच संपलाय तो सोडल्याची तक्रार कशाला करेल? आयुष्यभर देवाला न मानणारे रुग्णही मी पाहिलेत. ते "देवानं मला सोडलं" म्हणत नाहीत, ते "नशीब फुटकं" म्हणतात, नाहीतर गप्प राहतात.

एक प्रसंग सांगतो. बेस्टमधून निवृत्त झालेले एक कंडक्टर, नाकात नळी, खाटेखाली बायकोचा स्टीलचा डबा आणि प्लास्टिकची चटई. प्रार्थना गटाची माणसं रोज संध्याकाळी यायची आणि खाटेभोवती उभी राहून विजयाची गाणी म्हणायची, टाळ्यांसकट. शेजारच्या खाटेवरचे लोकही ऐकायचे. हे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. बायको रडकुंडीला येऊन मला म्हणाली, यांना देवाचं नाव नको झालंय. मी दुपारी गेलो, गाणं नाही, प्रार्थना नाही, फक्त ८८वं स्तोत्र वाचलं. ते स्तोत्र कधी उघडलं नसेल तर आज उघडा. त्यात शेवटपर्यंत उजेड येत नाही. सगेसोयरे दुरावले आणि अंधार उरला, एवढ्यावर ते थांबतं. वाचून झालं तसं त्यांनी मान वळवली आणि विचारलं, "हे पण शास्त्रात आहे?" म्हटलं, आहे. म्हणाले, "परत वाचा." मी परत वाचलं. प्रार्थना करू का असं मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. दोनेक दिवसांनी ते गेले. पुढे काही चमत्कार झाला असं सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

पप्पांच्या "नको"कडे या बाजूनंही बघता येतं. त्यांना देव नको होता की त्या प्रकारची प्रार्थना नको होती, हे तुम्ही घरच्यांनीच ओळखायचं. जे प्रार्थना करायला येत होते ते काय म्हणत होते? "विश्वास धरा, बरे व्हाल" असं रोज म्हणत असतील, तर मरणाच्या दारातल्या माणसाला ती प्रार्थना परीक्षेच्या निकालासारखी ऐकू येते, आणि निकाल रोज नापास. मंडळीत कुणाशी जुनं बिनसलं होतं का? पंचगिरीत माणसं दुखावतात आणि दुखावली जातात. कधी कधी "देवानं सोडलं" याचा अर्धा अर्थ "मंडळीतलं कुणी फिरकलं नाही" असा असतो. फार काळ आधीपासून उदास असत, जेवणझोप उडाली होती, तर तो नैराश्याचा आजारही असू शकतो आणि त्याचा हिशोब वेगळा. मी लांबून एवढेच प्रश्न विचारू शकतो.

आत्याबद्दल थोडक्यात. बायबलमधल्या ईयोबावर संकटांमागून संकटं कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांनी पहिले सात दिवस तोंड उघडलं नाही, तेवढं त्यांनी चांगलं केलं. नंतर त्यांनी देवाची बाजू घेऊन ईयोबाची चूक शोधली. शेवटी देव कुणावर रागावला? ४२:७ पाहा: माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जे बोलला तसं यथार्थ तुम्ही बोलला नाहीत. आणि ईयोब काय काय बोलला होता ते मधल्या अध्यायांत वाचा, पप्पांचं वाक्य त्यापुढे फारच सौम्य आहे. आत्याशी वाद घालू नका. हे वचन दाखवून तिला गप्प करायचा मोह होईल, तोही टाळा. भाऊ गेलाय तिचाही, आणि दोष कुणाच्या तरी पदरी घातला की माणसाला थोडं सावरल्यासारखं वाटतं.

आपल्याकडे शेवटचा दीस गोड व्हावा ही आस सगळ्याच धर्मांत मुरलेली आहे. ख्रिस्ती माणसानं स्मित करत, वचन म्हणत, "प्रभू मला दिसतोय" असं सांगत जावं, अशी आपली अपेक्षा असते. काही जण जातातही तसे, मी पाहिलेत. पण तारण, म्हणजे मुक्ती, शेवटच्या वाक्यावर टांगलेलं आहे असं आपल्या शिकवणीत कुठेच नाही. तसं असतं तर झोपेत गेलेले, अपघातात गेलेले, व्हेंटिलेटरवर गेलेले यांचं काय? रोम ८मध्ये पौल ज्या गोष्टी ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला विभक्त करू शकत नाहीत त्यांची यादी देतो, त्यात पहिलंच नाव मरणाचं आहे. धरून ठेवण्याचं काम तिथे देवाच्या बाजूला आहे. पप्पांचा हात सैल पडला असेल. त्याचा होत नाही.

इथवर आल्यावर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो: हो, माझ्या समजुतीप्रमाणे पप्पा विश्वासात गेले. अंधारात, पण विश्वासात.

आईचं "बाहेर बोलायचं नाही" तूर्त मोडू नका. तिला लाज वाटत असेलच, पण मला वाटतं लाजेपेक्षा तिला भीती जास्त आहे, की लोक पप्पांची आयुष्यभराची सेवा या एका वाक्यानं पुसतील. दोघीच असाल तेव्हा २२वं स्तोत्र वाचा, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मधे न थांबता आणि समजावून न सांगता. ती रडली तर रडू द्या. मंडळीतल्या सगळ्यांना सांगायची गरज नाही. तुमच्या पाळकांवर विश्वास असेल तर त्यांना एकट्यांना सांगा. ते "विश्वास वाढवा" असं काही म्हणाले तर चहा पिऊन घरी या आणि दुसऱ्या कुणाला तरी गाठा.

राहता राहिला दगड. दादाचं वचन २ तीमथ्य ४:७, म्हणजे पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं. तुम्हाला ते खोटं वाटतं कारण ते एकटंच काढून घेतलंय. तोच अध्याय १६व्या वचनापर्यंत वाचा. तिथे पौल लिहितो की माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूला कुणी उभं राहिलं नाही, सगळ्यांनी मला सोडलं. म्हणजे "विश्वास राखला आहे" लिहिणारा माणूस तुरुंगात, एकटा पडलेला, थंडीच्या आधी कुणीतरी आपला झगा घेऊन यावा म्हणून निरोप धाडणारा आहे. ते वचन त्या परिस्थितीतलं आहे, म्हणून पप्पांच्या कबरीवर ते शोभेल असं मला वाटतं. दादाशी बसाल तेव्हा हा अख्खा अध्याय दोघांनी मिळून वाचा. त्यानंही कदाचित ते वाक्य ऐकलं असेल आणि म्हणूनच हे वचन इतकं धरून बसला असेल. तरीही तुम्हाला नकोच वाटलं, तर स्तोत्र २२:२४ सुचवून पाहा, पीडिताच्या पीडेचं वचन. ते लांब आहे, कोरणारे अक्षरामागे पैसे घेतात, पण त्यातला शेवटचा तुकडा पुरतो. शेवटचा शब्द आईचा राहू द्या.

आणि मजकूर द्याल तेव्हा वचनाचा आकडा कागदावर स्वच्छ लिहून द्या आणि कोरण्याआधी खडूनं आखलेलं स्वतः जाऊन बघा. "१ तीमथ्य ४:७" असं चुकून कोरलेला दगड मी पाहिलाय. तिथे म्हाताऱ्या बायकांच्या कहाण्यांचा विषय आहे.